विकृतिशास्त्रज्ञ जावई आणि धारोष्ण सासरे

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. घरात एक पिशव्यांची पिशवी असते ना, जिच्यात बाकीच्या सगळ्या पिशव्या कोंबलेल्या असतात, तसे ते साठत जातात. एक ओढायला जावं तर चार बाहेर येतात. माझी सगळी नोकरी जनावरांच्या प्रयोगशाळेत गेली. रक्त, शेण, दूध, मेलेल्या शेळ्यांची फुप्फुसं हा आमचा रोजचा माल. त्यामुळे माझे किस्से जेवताना सांगण्यासारखे नसतात, आणि लोक नेमके पंगतीत बसल्यावरच म्हणतात, "डॉक्टर, काहीतरी सांगा ना!" म्हणून आधी पानातलं संपवा आणि मग ऐका.

मी पशुवैद्यक, पण गोठ्यात जाऊन सुई टोचणारा नव्हे. जनावर आजारी का पडलं, मेलं तर कशानं मेलं आणि तो आजार माणसाला लागू शकतो का, हे शोधायचं माझं काम. इंग्रजीत मला पॅथॉलॉजिस्ट म्हणतात. ऐकायला बरं वाटतं. सरकारी मराठीत मात्र मी विकृतिशास्त्रज्ञ! आणि सगळी बोंब तिथूनच सुरू होते.

*

धुळ्याला आमच्या दारावर ठळक अक्षरांत पाटी आहे, 'विकृतिशास्त्र विभाग'. एकदा सकाळी ऑफिस उघडायला आणि एक बाई दारात यायला एकच गाठ पडली. पदर खोचलेला, कपाळावर आठ्या. मी म्हटलं, म्हैस आजारी आहे वाटतं.

बाईंनी पाटीकडे बोट दाखवलं. "हाई विकृतीनं हापिस शे ना?"

हो म्हटलं.

"मंग लिखी ल्या. मना शेजारी."

शेजारी रात्री पिऊन काय काय करतो, हे त्यांनी उभ्याउभ्याच सांगायला सुरुवात केली. मी मध्ये थांबवायचा प्रयत्न केला. आमच्याकडच्या विकृतीचा अर्थ वेगळा आहे, इथं माणसांचं काही बघत नाहीत, इथं फक्त जनावरांचं काम चालतं, असं सगळं समजावून सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि समोरच्या खुर्चीवर नीट बसल्या.

"मंग बराबर शे," म्हणाल्या. "तो जनावरच शे."

*

याच शब्दापायी माझं लग्न मोडता मोडता राहिलं.

मी मूळ जळगावचा, मेहरूणमधला. मुलगी सावद्याची. तिचे वडील, म्हणजे आमचे आबा, हे मोठं प्रकरण आहे. केळीची बाग, गोठ्यात दोन म्हशी आणि आवाज असा की बागेच्या या टोकाला बोलले तर त्या टोकाचा माणूस ओ देतो. सासूबाईंना सगळा गाव अक्का म्हणतो. मुलगी बघायला आम्ही गेलो तेव्हा ओटीवर निम्मी भावकी जमलेली होती.

आमच्या मामांना माझं फार कौतुक. त्यांनी खाकरून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "मुलगा विकृतिशास्त्रज्ञ आहे."

ओटीवरचे सगळे एकमेकांकडे बघायला लागले. काहीतरी चुकलंय हे मामांना कळलं. सावरायला म्हणून त्यांनी पुढचं वाक्य टाकलं, "म्हणजे जनावरांबरोबर असतो."

पोह्यांचा घास एकेकाच्या हातातच राहिला. आबांनी बशी खाली ठेवली आणि माझ्याकडे रोखून पाहिलं. "म्हंजे तुमी नेमकं करता काय?"

मी पाठ करून आणलेलं सगळं विसरलो. तोंडातून निघालं ते एवढंच, "मी मेलेल्या जनावरांना..." आणि शब्दच सुचेना.

आतल्या खोलीत कुणीतरी फिस्सकन हसलं. तीच वैशाली. त्या हसण्यानं मला धीर आला आणि मी वाक्य कसंबसं पुरं केलं, "...कापून बघतो."

आबांनी मोठा श्वास सोडला. "कापता व्हय! मंग काही हरकत नाही." आणि बशी पुन्हा उचलली.

*

लग्नानंतर कळलं की आबांचे दोन नियम आहेत आणि ते कुणाच्या बापाला बदलता येणार नाहीत.

पहिला नियम धारोष्ण दुधाचा. रोज सकाळी म्हशीखाली पितळी पेला धरायचा, फेसासकट भरायचा आणि तिथंच उभ्यानं रिकामा करायचा. दूध तापवायचं नाही, गाळायचं नाही. म्हैस आणि आबा यांच्यामध्ये फक्त तो पेला. म्हशीचं नाव मोगरा. रंगानं डांबरासारखी, पण नाव मोगरा.

आता माझी सगळी नोकरी ज्या रोगामागे धावण्यात गेली, त्याचं नाव ब्रुसेलोसिस. गाभण म्हैस मध्येच गाभ टाकते, ते बऱ्याचदा याच जंतूमुळे. तो जंतू दुधात उतरतो. तेच दूध कच्चं प्यालं, किंवा टाकलेला गाभ उघड्या हातांनी उचलला, की तो माणसाच्या अंगात शिरतो. दूध उकळलं की खेळ खलास. इतकी सोपी गोष्ट. गावोगावी सभा घेऊन मी ती सांगितली, आणि माझेच सासरे रोज सकाळी माझ्यादेखत पेला भरायचे!

एकदा मी हिंमत करून विषय काढला. आबांनी मिशीवरचा फेस पुसला. "तापवलेलं दूध म्हंजे मेलेलं दूध. मेलेल्याचं तुमी पाहा जवाईबापू, जित्याचं मी पाहतो."

दुसरा नियम पाण्याचा. मुलीच्या घरचं पाणी प्यायचं नाही. दिलेल्या घरून घ्यायचं नसतं, एवढाच हिशोब. आबा धुळ्याला आमच्याकडे यायचे ते स्वतःची पाण्याची बाटली घेऊन. सोफ्यावर बसायचे, पंख्याखाली वारा घ्यायचे, नातवाला मांडीवर घ्यायचे आणि तहान लागली की पिशवीतून बाटली काढायचे. वैशाली सुरुवातीला रडायची, नंतर रागवायची, मग तिनं नाद सोडला. एकदा बाटली संपली तर आबा चौकात जाऊन नवी विकत घेऊन आले. आमचा फ्रीज तेव्हा त्यांच्यापासून हातभर लांब होता.

*

आबा एकटे नव्हते म्हणा. साक्रीकडच्या एका गावात मी सभा घेतली होती. तासभर घसा कोरडा केला, चित्रं दाखवली आणि शेवटी म्हटलं, सगळं विसरलात तरी चालेल, एक लक्षात ठेवा, दूध गरम करूनच प्या. पुढच्या रांगेतल्या एका नानांनी इतकी जोरात मान हलवली की मला वाटलं, जग सुधारलं!

पुढच्या खेपेला त्यांच्याच गोठ्यात गेलो तर नाना धारेखाली पेला धरून उभे. मी म्हटलं, अहो नाना, गरम करून प्यायचं ठरलं होतं ना?

नानांनी पेला माझ्या गालाला लावला. "गरमच शे ना, डाक्टर. दखा."

*

प्रयोगशाळेत हा जंतू, म्हणजे ब्रुसेला, आम्ही मुद्दाम वाढवतो. काचेच्या बशीत त्याला खाऊ घालायचा, ऊब द्यायची आणि तो फोफावला की ओळख पटवायची. दुधाला विरजण लावतात तसलंच काम, फक्त हे चाखायचं नसतं. याला आमच्यात कल्चर म्हणतात. कल्चरचा सगळा कारभार सुनंदाताईंकडे. त्या आमच्या टेक्निशियन. कामात पक्क्या आणि फोनवर मोजकं बोलणाऱ्या.

एके दिवशी जिल्ह्याच्या ऑफिसातून फोन आला. तिकडे स्टाफचं स्नेहसंमेलन होतं, हे आमच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

"तुमच्या ऑफिसचं कल्चरलला काय आहे?" तिकडून विचारणा झाली.

"सर, सध्या ब्रुसेला आहे," सुनंदाताई म्हणाल्या.

"नवीन दिसतंय. सोलो की ग्रुप?"

सुनंदाताईंनी बंद कपाटाच्या काचेतून बशीकडे नजर टाकली. ठिपके दाट आले होते. "ग्रुपच आहे सर. छान वाढलाय."

"वेळ किती लागेल?"

"चार-पाच दिवस तरी द्यावेच लागतात."

"मॅडम, आम्ही प्रत्येकाला सात मिनिटं देतोय!" साहेब कळवळून म्हणाले आणि फोन ठेवला.

आठवडाभरानं कार्यक्रमपत्रिका आली. तिच्यात छापलं होतं, 'समूहनृत्य: ब्रुसेला (परदेशी)'. आता छापलंय म्हटल्यावर मागे फिरता येईना. निवेदकानं नाव पुकारलं, सुनंदाताईंनी दोन शिपाई आणि एक स्टोअरकीपर धरून स्टेजवर नेले आणि लग्नाच्या वरातीत नाचतात तसे चार फेर धरले. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. ते सर्टिफिकेट आजही आमच्या लॅबमध्ये टांगलेलं आहे. मोठमोठे पाहुणे येतात, वाचतात आणि काही न विचारता पुढे जातात.

*

सॅम्पल पोचवायची तर वेगळीच तऱ्हा. एकदा जळगावहून धुळ्याला यायचं होतं आणि ऑफिसची जीप पारोळ्याच्या अलीकडे बंद पडली. माझ्याकडे बर्फ भरलेला थर्माकोलचा डबा, चहूबाजूंनी चिकटपट्टी लावून पक्का केलेला, आत मेलेल्या शेळीचं डोकं. तपासायला उशीर करून चालणार नव्हतं. हात दाखवून एसटी थांबवली आणि डबा घेऊन चढलो.

कंडक्टर आले. डब्यात काय आहे म्हणाले. खोटं बोलायचं मला जमत नाही.

"डोकं," मी म्हटलं.

शेजारचा माणूस उठला आणि मागे जाऊन उभा राहिला. कंडक्टरांनी खाली वाकून विचारलं, कुणाचं? शेळीचं म्हटल्यावर त्यांना जरा धीर आला. मग ते नियम आठवायला लागले. सामान म्हणावं तर ते शेळीचं, शेळी म्हणावी तर पुरती नाही. बसमध्ये दोन तट पडले. एकजण म्हणे लगेज लावा, दुसरा म्हणे डोकं आलं म्हणजे पॅसेंजरच आला. फागणे गाव आलं तरी निकाल लागेना.

शेवटी कंडक्टरांनीच तोडगा काढला. "डबा मांडीवर घ्या," म्हणाले. "मांडीवरच्याला तिकीट नसतं."

*

थंडी पडली की आमच्याकडे भरीत पार्ट्यांना ऊत येतो. हिरवी मोठी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची, ठेचायची, वर कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी आणि पुऱ्या. त्या वर्षी आबांच्या बागेत पार्टी होती. मी डॉ. पिंगळ्यांनाही नेलं होतं. पिंगळे माझे जुने मित्र आणि माणसांचे डॉक्टर. आमच्यात तेवढाच काय तो फरक, पण समाजात तो फार मोठा धरतात.

गाभ टाकलेल्या म्हशीला हात लावायचा तर हातमोजे घाला, असं सांगून मी त्याच्या आदल्या वर्षी सावद्यात खांद्यापर्यंत येणारे लांब प्लास्टिकचे हातमोजे वाटले होते. पार्टीत बघतो तर भरीत ठेचणाऱ्या आचाऱ्याच्या हातांत तेच! खांद्यापर्यंत चढवलेले, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत वांग्यात.

मी जवळ जाऊन हळूच विचारलं, हे नवे आहेत ना?

"नाही साहेब, वापरेल हायेत."

पिंगळ्यांनी हातातली पुरी खाली ठेवली. मी विचारलं, कशाला वापरले होते?

"मागच्या पार्टीच्या भरताले," आचारी म्हणाला. "ढोरांसाठी कोण इतके चांगले मोजे वाया घालवीन?"

सगळी बाग हसली. पिंगळ्यांनी पुरी परत उचलली. हसले नाहीत ते एकटे आबा. ते शेकोटीला चिकटून, दोन शाली पांघरून बसले होते आणि त्यांचे दात वाजत होते.

*

इथून पुढं काही दिवस मला हसू येत नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो.

आबांना ताप येऊ लागला. गंमत अशी की तो संध्याकाळी यायचा आणि पहाटे घामानं अंथरूण भिजवून जायचा. सकाळी डॉक्टर थर्मामीटर लावायचे तेव्हा आबा ठणठणीत. मलेरियाच्या गोळ्या झाल्या, टायफॉइडच्या झाल्या. कंबर धरली, गुडघे धरले. बागेत जाणं थांबलं. मोठा आवाज बारीक झाला. अक्का फोनवर वैशालीला म्हणाल्या, "आता अंगणातून हाक मारता तर मले घरात ऐकू येत नाही." वैशालीनं फोन ठेवला आणि ती स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिली. मलाही भीती वाटली. कारण असा येणारा-जाणारा ताप मी पुस्तकात शंभरदा वाचला होता.

सावद्याला जाऊन आधी मोगराची चौकशी केली. अक्कांनी सांगितलं, पावसाळ्यात मोगरानं गाभ टाकला होता आणि आबांनी तो स्वतःच्या हातांनी उचलून पुरला होता. मोगराचं रक्त धुळ्याला आणलं. सुनंदाताईंनी तपासलं आणि रिपोर्ट माझ्यापुढे ठेवला. पॉझिटिव्ह.

आता फक्त आबांचं रक्त हवं होतं. नेमका आजार कळला की त्यावर औषध आहे, दीड महिना नेटानं घेतलं की माणूस बरा होतो. पिंगळे स्वतः सिरिंज घेऊन सावद्याला आले. आबांनी दोन्ही हात शालीच्या आत ओढून घेतले.

"मोगराले झालं ते मले? मी काय ढोर हाये?" ते पिंगळ्यांना म्हणाले, पण बघत माझ्याकडे होते. "जवाईबापूंनी मले म्हशीच्या रांगेत बांधलं!"

मग आम्ही सगळं करून पाहिलं. वैशाली रडली, नातवानं हट्ट केला, अक्कांनी दोन दिवस अबोला धरला. आबांची एकच विचारणा, "मोगराले ताप हाये का?" नाही म्हटलं की, "मंग मले तिच्यापासून कसा आला?" आणि यावर मी शास्त्र सांगायला लागलो की ते डोळे मिटून घ्यायचे. शाल मात्र घट्ट धरलेली. महिने गेले. आबा निम्मे झाले. मोगराला तेवढं आम्ही वेगळं बांधलं आणि तिचं दूध बंद केलं, त्यावरही आबा माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत.

*

आणि मग अधिक महिना आला!

धोंड्याचा महिना म्हणजे जावयाची चंगळ. सासरहून आमंत्रण येतं, पुरणाचे धोंडे खाऊ घालतात आणि जावयाला तेहतीस अनारशांचं वाण देतात, ताम्हनात, वर दिवा लावून. आबांच्या घरी यात जरा जास्तीची रीत. वाण देताना सासऱ्यानं सगळ्यांसमोर विचारायचं, तुम्हांला काय देऊ? आणि जावई मागेल ते द्यायचं. अधिकात जावयाला नाही म्हणायचं नसतं. मागच्या खेपेला मी लाजून टॉवेल मागितला होता. त्याआधी काहीच नको म्हणालो, तर आबा चिडले होते, आमच्या घरी काय कमी आहे म्हणून.

सावद्याला निघताना मी पिंगळ्यांना बरोबर घेतलं. कशाला, ते वैशालीलाही सांगितलं नाही.

ओटी भरलेली होती. आबांना दोघांनी धरून आणलं आणि पाटावर बसवलं. अंगात ताकद नव्हती, पण रीत म्हणजे रीत. मी समोरच्या पाटावर. अक्कांनी ताम्हन आणलं, तेहतीस अनारसे, मधोमध दिवा. आबांनी मला कुंकू लावलं.

"बोला जवाईबापू," म्हणाले. "काय देऊ?"

"तुमचं रक्त द्या," मी म्हटलं. "एक नळी."

एका काकांच्या हातून सुपारी पडली ती घरंगळत दारापर्यंत गेली. आबांनी माझ्याकडे बघितलं. मग पिंगळ्यांकडे बघितलं. पिंगळ्यांनी खिशातून सिरिंज काढली होती. डाव कळला तशी आबांची मिशी हलली, पण राग आला की हसू, ते समजेना. त्यांनी अक्कांकडे पाहिलं. अक्कांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"मी काही म्हनत नाही," अक्का म्हणाल्या. "अधिकात मागितलंय."

आबांनी शाल खाली टाकली आणि सदऱ्याची बाही वर केली. पिंगळ्यांनी रक्त काढलं. नळी ते मला देणार तेवढ्यात अक्कांनी हात पुढे केला. नुसतं कसं द्यायचं? त्यांनी नळीला कुंकवाचं बोट लावलं, ताम्हनात अनारशांच्या शेजारी ठेवली, दिवा नीट केला आणि ताम्हन आबांच्या हातात दिलं. आबांनी ते माझ्या हातात दिलं. मी वाकून नमस्कार केला. आजवर इतक्या नळ्या हाताळल्या, पण ओवाळलेली ही पहिलीच.

मला वाटलं, जिंकलो. उठायला लागलो तर आबांनी दुसरी बाही वर करायला घेतली होती.

"बसा जवाईबापू," म्हणाले. "वाण तेहतीसाचं असतं. अजून बत्तीस घ्या."

*

तपासणी पॉझिटिव्ह आली. पिंगळ्यांनी गोळ्या सुरू केल्या. मुलीच्या घरचं पाणी नाही तर गोळ्या कशा चालणार? त्या जावयाच्या नाहीत, पिंगळ्यांच्या आहेत, असं आबांना दर आठवड्याला सांगावं लागायचं. अक्कांनी घरात दूध उकळायला सुरुवात केली आणि आबांचा पितळी पेला घासून देवघरात ठेवून दिला. संध्याकाळचा ताप आधी उशिरा यायला लागला, मग यायचाच बंद झाला. एक दिवस वैशालीनं फोन कानापासून लांब धरला आणि हसत हसत माझ्यासमोर केला. पलीकडून आबा बोलत होते आणि मला ते दारात उभ्याउभ्या ऐकू येत होतं.

गोळ्या संपल्यावर आबा धुळ्याला आले. एकटे, एसटीनं. सोफ्यावर बसले, नातवाला मांडीवर घेतलं, पिशवीतून बाटली काढून टीपॉयवर ठेवली. मी पंखा वाढवला. इकडतिकडच्या गप्पा झाल्या, केळीच्या झाल्या, मोगराच्या झाल्या.

वैशाली आतून आली. तिच्या हातात स्टीलचा पेला होता, दुधाचा, वर साय धरलेली. तिनं तो बाटलीच्या शेजारी ठेवला आणि तिथंच उभी राहिली.

आबांनी बाटलीकडे बघितलं, पेल्याकडे बघितलं. मग मला विचारलं, "तापवलं हाये?"

"तीनदा," मी म्हटलं.

आबांनी पेला उचलला आणि एका दमात रिकामा केला. मिशीवरची साय पुसली, तोंड वाकडं केलं.

"काही चव नाही बावा याले," म्हणाले, आणि रिकामा पेला वैशालीपुढे धरला. "अजून आन."